छपराखालचा उकाडा आणि परवानगीचा कागद

(दिघा, नवी मुंबई येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



सुरुवातीला एक छोटी पाहणी करू. मे महिन्यात दुपारी अडीच-तीनला ज्यांना आपल्याच घरात बसवत नाही, त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता दुसरा प्रश्न. छपराचं, गच्चीचं काहीतरी काम करायचं ठरवलं आणि मग "नको, उगाच नोटीस यायची" म्हणून ज्यांनी सोडून दिलं, त्यांनी हात वर करा. हेही काही कमी नाहीत. (हशा)

आजचा विषय या दोन हातांच्या मधला आहे. घर थंड ठेवायचं, विजेचं बिल आटोक्यात आणायचं, तर त्यासाठी परवानगी लागते का, आणि लागत असेल तर कोणाची?

उत्तर आधीच सांगून टाकतो. उकाडा कमी करणारी बहुतेक कामं परवानगीशिवाय करता येतात. परवानगी लागते ती घराचा आकार, बाहेरचं रूप किंवा सांगाडा बदलणाऱ्या कामांना. आणि गंमत अशी, की आपण बहुतेक वेळा पहिली कामं घाबरून टाळतो आणि दुसरी कामं रातोरात उरकतो.

हा विषय फक्त सोयीचा आहे असं समजू नका. १६ एप्रिल २०२३ ला आपल्याच नवी मुंबईत, खारघरला, उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली. सरकारी आकडा १४. त्या दिवशी पारा अडतीसच्या आसपास होता, चाळिशीसुद्धा नाही. आपल्याकडची हवा दमट. घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. ते मैदान होतं. पण तापलेल्या पत्र्याखाली दुपारभर पडून असलेली आजी, पाळण्यातलं बाळ, रात्रपाळी करून आलेला आणि दिवसा झोपू पाहणारा कामगार, यांच्यासाठी घरच मैदान होतं.

कायदा नक्की काय विचारतो?

आपल्याकडचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. त्याच्या कलम ४३ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय 'विकास' करता येत नाही. आता 'विकास' म्हटल्यावर आपल्याला टॉवर दिसतो. पण कलम २ मधली व्याख्या फार मोठी आहे. बांधकाम तर आलंच, शिवाय इमारतीत केलेला कुठलाही महत्त्वाचा बदलही आला.

मग भिंतीला रंग लावायलाही अर्ज करायचा का? नाही. कारण त्याच कलम ४३ मध्ये सूट दिलेली आहे. इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा फेरफार, जे फक्त आतल्या भागापुरते आहेत किंवा ज्यांनी बाहेरच्या रूपात लक्षात येण्यासारखा फरक पडत नाही, त्यांना परवानगी लागत नाही. वारसा इमारतींचा अपवाद आहे, तो आपण बाजूला ठेवू. हे वाक्य लक्षात ठेवा. आजच्या व्याख्यानातलं निम्मं या एका वाक्यात आहे.

याच्या जोडीला महापालिका अधिनियमाचं कलम २५४ आहे. इमारतीत भर घालायची असेल, छप्पर पेलणाऱ्या भिंती किंवा खांब मोठ्या प्रमाणात काढून पुन्हा उभारायचे असतील, तर आयुक्तांना आधी कळवावं लागतं. म्हणजे 'आतलं काम आहे' एवढं म्हणून भागत नाही. आतलाच खांब कापला तर ती देखभाल होत नाही.

शेजारच्या मुंबईचा पालिका कायदा वेगळा आहे, १८८८ चा. तो आपल्याला लागू नाही, पण त्यातली विभागणी समजायला सोपी आहे. तिथे किरकोळ दुरुस्तीत गिलावा, रंग, फरशी बदलणं आणि त्याच साहित्याने छप्पर बदलणं हे सगळं येतं. पण वेगळ्या साहित्याने छप्पर करणं, छप्पर सपाट करणं, घराची लांबी-रुंदी-उंची बदलणं, पोटमाळा वाढवणं, हे किरकोळ दुरुस्तीत बसत नाही. पत्र्याच्या जागी पत्रा ही दुरुस्ती. पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला की ते बांधकाम झालं. आपल्याकडेही ही सीमारेषा डोक्यात ठेवली तर फारसं चुकणार नाही.

परवानगी लागत असेल तर कलम ४४ खाली अर्ज. ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर कलम ४५ प्रमाणे परवानगी मिळाली असं मानतात, पण काम नियमात बसत असेल तरच. नियमबाह्य नकाशा ६० दिवस पडून राहिला म्हणून कायदेशीर होत नाही. आणि परवानगीशिवाय बांधलं, तर कलम ५३ ची नोटीस येते आणि कलम ५२ खाली खटला भरता येतो, ज्यात किमान एक महिना आणि कमाल तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

दिघ्याची खास अडचण

इतर ठिकाणी हे व्याख्यान इथेच संपलं असतं. दिघ्यात संपत नाही.

२०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचे आदेश दिले. जमीन एमआयडीसीची आणि सिडकोची. लोकांनी पैसे मोजून घरं घेतली होती, कर्जं काढली होती. ते दिवस इथल्या प्रत्येकाला आठवतात. पुढे २०१७ मध्ये कायद्यात कलम ५२ अ आलं. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही अनधिकृत बांधकामं, अटी पाळून आणि दंड भरून नियमित करण्याची ती तरतूद.

त्या दिवसांनी एक भीती मागे ठेवली आहे, आणि एक गैरसमजही. गैरसमज असा: "मालमत्ता कर भरतो, पाणी आहे, वीज आहे, म्हणजे घर कायदेशीर." तसं नाही. कर घेते नवी मुंबई महापालिका. पाणी कुठे पालिकेचं, कुठे एमआयडीसीचं. वीज महावितरणची. तीन पावत्या तुमच्याकडे असतात, पण त्यातली एकही बांधकाम परवानगी नव्हे. उलट महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ मध्ये बेकायदा बांधकामावर दुप्पट कराइतकी शास्ती लावण्याची तरतूद आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही.

म्हणून दिघ्यात पहिला प्रश्न 'कुठलं मटेरियल लावू?' हा नाही. पहिला प्रश्न 'माझ्या जमिनीचं नियोजन प्राधिकरण कोण?' हा आहे. घर पालिकेच्या नियोजन क्षेत्रात असेल तर २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू होते. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. घर एमआयडीसीच्या क्षेत्रात असेल तर ती नियमावली लागूच होत नाही. एमआयडीसीची स्वतःची वेगळी आहे आणि अर्जही तिथेच जातो. त्यामुळे एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांना दोन दारं ठोठवावी लागू शकतात.

हे शोधायचं कसं? सातबारा, गावठाणातली मिळकत पत्रिका, सिडकोचा किंवा एमआयडीसीचा भाडेपट्टा, जे असेल ते काढा. दिघा विभाग कार्यालयात विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. एकच प्रश्न लिहा: अमुक सर्व्हे किंवा भूखंड क्रमांकासाठी नियोजन प्राधिकरण कोण आहे? लेखी उत्तर हातात असलं की पुढची निम्मी धावपळ वाचते.

तीन छपरं

आता प्रत्यक्ष घरांकडे येऊ. दिघ्यात ढोबळमानाने तीन प्रकारची छपरं आहेत.

पहिलं, पत्र्याचं. उन्हात पत्रा ६० अंशांच्या आसपास तापतो आणि मग तो वरून शेगडीसारखा आपल्याला भाजतो. पंखा लावला तर तीच गरम हवा फिरते. उष्णता किती झिरपते हे मोजायला एक आकडा वापरतात, यू-मूल्य. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, तो आकडा. जितका कमी तितकं बरं. पत्र्याचा साधारण सहाच्या घरात, साध्या स्लॅबचा तीनच्या वर. आणि घरांसाठीच्या राष्ट्रीय ऊर्जा संहितेत छपराची मर्यादा आहे १.२. म्हणजे आपण कुठे आहोत बघा.

इथे करण्यासारखं काय? वरून पांढरा परावर्तक रंग किंवा चुना. आतून छत, पण पत्र्याला चिकटवून नाही. मध्ये वीतभर मोकळी जागा आणि ती गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना झडपा. ही दोन्ही कामं देखभालीत आणि आतल्या सुधारणेत बसतात. भिंती वाढवल्या नाहीत, उंची वाढवली नाही, तर यात 'विकास' नाही. रंगाचं एक लक्षात ठेवा. आपल्या भागात धूळ बसते, पांढरा रंग करडा झाला की त्याचा उपयोग घटतो. पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा छप्पर धुवा.

दुसरं छप्पर, गावठाणातलं किंवा स्वतःचं एक-दोन मजली घर, वर स्लॅब. इथे एक लोकप्रिय उपाय आहे, तो तुम्हाला माहीत आहे. वरचा मजला चढवायचा, म्हणजे खालचा थंड होतो! (हशा) खरं आहे, होतो. पण ऊन कुठे गेलं नाही, ते वरच्या मजल्यावर राहायला आलं. आणि तिथे भाडेकरू ठेवला. हे उष्णतारोधन नव्हे, हे बांधकाम आहे, आणि त्याला परवानगी लागतेच. यूडीसीपीआरमध्ये १५० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या भूखंडांसाठी प्रक्रिया सोपी केली आहे. कागदपत्रं आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानतात. १५० ते ३०० पर्यंत दहा दिवसांत परवानगी देण्याची सोय आहे. पण भूखंड तुमच्या नावावर आणि नियमात बसणारा हवा. जमिनीचाच कागद नसेल तर ही सोय कामाची नाही.

स्लॅबवर काय चालतं? चायना मोझेक, म्हणजे पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची फरशी. परावर्तक रंग. सुटी जाळी बांधून वेलाची सावली. यांना परवानगीची गरज नाही. आणि पक्की पत्र्याची शेड? ती वर्षभर राहणार असेल तर ते बांधकाम आहे. पावसाळ्यापुरतं गच्चीवरचं आच्छादन तात्पुरत्या बांधकामांच्या यादीत येतं, पण त्यालाही तात्पुरती परवानगी लागते आणि पाऊस सरला की ते काढायचं असतं. आपण काय करतो? पाऊस सरतो, शेड राहते, पुढच्या वर्षी तिला भिंती फुटतात.

तिसरं छप्पर, सोसायटीची गच्ची. वरच्या मजल्यावरच्या माणसाला वाटतं गच्ची आपल्या डोक्यावर म्हणजे आपली. नाही. ती सगळ्यांची. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेत फेरबदल करायलाही समितीची लेखी परवानगी लागते, मग सामाईक गच्चीचं काय! सर्वसाधारण सभेत ठराव करा, खर्च वाटून घ्या. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर कलम २६५ अ प्रमाणे संरचनात्मक तपासणीचं प्रमाणपत्र आधी घ्या, मग गच्चीवर काय चढवायचं ते ठरवा.

पालिका विचारणार नाही असे दोन प्रश्न

इथे थोडं थांबतो, कारण हा भाग महत्त्वाचा आहे. परवानगी लागत नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. कायदा आकार आणि रूप बघतो. भार आणि आग तुम्हाला बघायची आहे.

भाराचं गणित करू. आपल्याकडे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. गळतीही थांबते, उष्णताही अडते. चांगली पद्धत आहे. पण चार-साडेचार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण दोनशे किलो. ५०० चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. म्हणजे नऊ टनांच्या पुढे. एक भरलेला ट्रक गच्चीवर कायमचा उभा केल्यासारखं. आणि जुना कोबा न काढता वर नवा घातला तर दोन ट्रक. सोलरसाठी नवीन इमारतीच्या छपराची रचना करताना चौरस मीटरला किमान ५० किलो भार धरावा असं नियम सांगतो. सोलर बसवताना आपण दहा वेळा विचारतो आणि कोबा घालताना एकदाही नाही. ज्या इमारतीचा नकाशाच कधी मंजूर झाला नाही, तिच्या खांबात किती सळई आहे हे कोणालाच माहीत नसतं. तिथे हलका उपाय निवडा. रंगाचं वजन नगण्य असतं.

दुसरी आग. पत्र्याखाली उघडा थर्मोकोल लावतात, स्वस्त पडतो. थर्मोकोल आणि फोम दोन्ही पेट घेतात, वितळून खाली थेंब पडतात आणि विषारी धूर होतो. त्याच्या मागून वीजेची उघडी वायर गेलेली असते. खोलीला दार एक. पुढचं मी सांगायला नको. रॉकवूलवर जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड लावा, वायर पाइपातून न्या. थोडे पैसे जास्त जातील.

आणि जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. तो कापू नका, घासू नका, त्याला भोकं पाडू नका. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. रंग लावायला वर चढताना थेट त्यावर पाय देऊ नका, आडवी फळी टाका. असा पत्रा फुटून माणूस खाली येतो.

नियम कोणासाठी लिहिलेत?

आता जरा वर बघू. ऊर्जा वाचवण्याचे नियम देशात नाहीत असं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने 'इको निवास संहिता' आणली. त्यात आपला भाग उष्ण-दमट गटात येतो आणि तिथे उघडणाऱ्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के हव्यात. हे शहाणपणाचं आहे, कारण आपल्याकडे नुसती उष्णता अडवून भागत नाही, वारा खेळावा लागतो. दहा बाय दहाच्या खोलीला चार बाय चारची पूर्ण उघडणारी खिडकी. किती घरांत आहे?

पण ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवरच्या घरांसाठी आहे. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने निवासी इमारती कक्षेत आणल्या, त्या १०० किलोवॅट जोडभाराच्या पुढच्या. यूडीसीपीआरमध्ये हरित इमारतीला मानांकनाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळतं. हे बक्षीस नवीन बांधणाऱ्याला आहे. दहा बाय पंधराच्या घराचं छप्पर पांढरं करणाऱ्याला यातलं काही नाही.

हे बदलू शकतं. अहमदाबादने २०१३ पासून उष्णता कृती आराखडा राबवला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करून घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरणच आणलं. आपण पालिकेकडे एक साधी मागणी करू शकतो. एका पानाची यादी काढा: ही कामं परवानगीशिवाय, ही कामं कळवून, ही कामं परवानगीनेच. मराठीत छापा आणि विभाग कार्यालयाच्या दारावर लावा. त्याने एकही बेकायदा मजला वाढणार नाही, पण घाबरून उकाडा सोसणारी माणसं कमी होतील.

प्रश्नोत्तरे

*एक ताई:* आमची इमारत नियमित झालेली नाही. आम्ही छपराला रंग लावला तर उद्या "तुम्ही बेकायदा इमारतीत काम केलं" असं होईल का?

ताई, रंगाने इमारत कायदेशीर होत नाही आणि जास्त बेकायदाही होत नाही. मूळ बांधकामावरची कारवाई हा वेगळा विषय आहे, तो रंगामुळे सुरू होत नाही आणि थांबतही नाही. पण दोन गोष्टी करा. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा, तारखेसह, म्हणजे वाढीव बांधकाम केलं असं कोणी म्हणालं तर दाखवता येईल. आणि तुमच्या इमारतीला न्यायालयाचा काही आदेश असेल तर तो वकिलाकडून वाचून घ्या. आदेशात 'जैसे थे' म्हटलं असेल तर त्याचा अर्थ तेच सांगतील.

*एक काका:* सोलरला पालिकेची परवानगी काढायची का?

घरगुती सोलरचा अर्ज महावितरणकडे, राष्ट्रीय पोर्टलवरून. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८ हजार रुपये अनुदान. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अटही काढली आहे. शिवाय पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, तो वेगळा फायदा. फक्त एक. पॅनेल आठ फूट उंच सांगाड्यावर बसवून खाली भिंती घातल्या, की ते सोलर राहिलं नाही, ती खोली झाली. तिथे कलम ५३ येतं.

*एक तरुण:* सर, एवढं सगळं ऐकल्यावर उद्या सकाळी पहिलं काय करू?

तुमचं छप्पर कसलं आहे? पत्र्याचं? मग उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, फळी टाकून वर जा आणि छप्पर झाडून धुवून घ्या. गंज किती आहे, बोल्ट किती सैल आहेत ते बघा. रविवारी रंग लावा. त्याला कोणाचा कागद लागत नाही. आणि सोमवारी तो दहा रुपयांचा अर्ज टाका. छप्पर या उन्हाळ्यासाठी आहे, अर्जाचं उत्तर त्यापुढच्या सगळ्या उन्हाळ्यांसाठी.